पूजेत न ठेवलेला पट्टा

अप्पा, आज गाडीचं सामान आलं. हेड गॅस्केट अकराशे पन्नास, पाण्याचे दोन होज-पाइप सहाशे वीस, कूलंट नऊशे, इंजिन ऑईल चौदाशे आणि फॅनचा पट्टा चारशे ऐंशी. बाकी सगळं पावतीशी ताडून कोनाड्यात ठेवलं. पट्टा मात्र पिशवीतून काढला नाही, पिशवीसकट बाहेर खुंटीला टांगलाय. तुम्ही असता तर आधी तोच काढून अंगठ्यानं दाबून बघितला असता.

गाडी यांनी जुनीच घेतली होती. यांच्या माघारी लोक म्हणाले, भंगारात घाला. मी घातली नाही. तीन लाख बारा हजार किलोमीटर झालेत तिचे, ते तुमच्या नियमांवर. सकाळी चालू केली की मिनिटभर तशीच उभी ठेवायची. ऑईल पाच हजाराला बदलायचं, सात हजाराला चालतंय म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. बोअरचं खारं पाणी रेडिएटरला दाखवायचंसुद्धा नाही. तुम्ही म्हणायचात, "गाडी म्हातारी होऊन मरत न्हाय पोरी, तिला मारणारा माणूस असतोय." अक्कलकोटला भाविक नेता-आणता तुमच्या मोटारीला तुम्ही कधी हिसका देऊन गिअर टाकला नाही. चढ आला की तिच्याशी हळू बोलायचात. घरात अव्वाशी, स्वतःच्या बायकोशी, तसं बोललेलं मला आठवत नाही.

मंगळवारी माझा मुलगा गाडी घेऊन अक्कलकोटला गेला होता. येताना कुंभारी गावाच्या अलीकडे पट्टा तुटला, पाण्याचा पंप थांबला, तापमानाची सुई लाल रेषेपार गेली. त्यानं काय करावं? टपरीवरून फ्रिजमधल्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि उकळत्या इंजिनात ओतल्या. संध्याकाळी गाडी दोराला बांधून दारात आली. मी बॉनेट उघडलं, कडेनं पांढरट फेस आलेला. माझ्या तोंडातून निघालं, "पाणी कुणी ओतलं?" अप्पा, तो आवाज माझा नव्हता. तोच तुमचा सूर, 'कुणी'वर तसाच दाब. मुलगा तुटलेला पट्टा हातात घेऊन उभा. सरळ म्हणाला, "मीच ओतलं की. सुई वर गेलती."

मी तो पट्टा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि त्याच्या तोंडावर मारला. एकदा, आणि तो मागं सरायच्या आत परत एकदा. दुसऱ्या फटक्याला गालाचं हाड फुटल्यासारखा आवाज आला आणि रक्त कॉलरवर उतरलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. त्यानं माझं मनगट धरलं, पिळलं नाही, नुसतं धरलं. "बास. आता परत उचलू नको, आई." मी तिसरा मारणार होते. हाताला ते पाहिजेच होतं, खोटं कशाला लिहू. पण ओसरीवर खाटेवर अव्वा बसली होती. फटक्याचा आवाज तिला किती आला देव जाणे, पण तिचा हात वर गेला आणि तिनं डावा कान झाकून घेतला. घाबरली की तिचं 'नको' अजून कानडीत येतं. "बेडा, बेडा," म्हणत होती. माझा मुलगा गालाचं रक्त तसंच ठेवून तिच्यापाशी गेला. "आज्जी, तुला न्हाय गं. तुला कोण मारतंय?"

तुम्हाला ती खंडेनवमी आठवते का? मी बारा वर्षांची आहे. तुम्ही भाडं सोडून घाईनं आलाय, मोटार दारात फुसफुसतेय. ओलं पोतं टाकून तुम्ही रेडिएटरचं झाकण काढलंय आणि वेळ टळायला नको म्हणून आंघोळीला गेलाय. पाट मांडलाय. त्यावर पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, आणि मधोमध तुमचा जुना फॅनचा पट्टा, हळदीकुंकू लावलेला. कडेला घागर. पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यावरून मीच भरून आणलेली. अव्वा आत पुरण वाटतेय. मला वाटतं, आज मोटारीचा सण, ही तहानलेली, आणि घागरीत देवाचं पाणी. मी अख्खी घागर तिच्यात रिकामी करते. आतून टक् असा आवाज येतो, सुपारी फुटावी तसा. मला तो देवाचा होकार वाटतो.

तुम्ही ओल्या पंचानं बाहेर आलात. वाकून बघितलंत. "पाणी कुणी ओतलं?" अव्वा पुरणाच्या हातानं दारात आली. तिनं तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली. बोलली नाही. मीही नाही. तुम्ही पाटावरचा पट्टा उचललात. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर, नंतर मी मोजायचं सोडून दिलं. ती भिंतीला धरून खाली बसली तरी तुम्ही थांबला नाहीत. प्रत्येक फटक्याला "इंजिन गेलं माझं" म्हणत होतात. तिच्या मानेवर लाल ओघळ होता, त्यात कुंकू किती आणि रक्त किती ते मला कळेना. मग तुम्ही पट्टा धुतलात, पुसलात, परत पाटावर ठेवलात आणि पूजा केलीत. मी आरतीला टाळ्या वाजवल्या. अव्वानं एका हातानं नैवेद्याचं ताट आणलं. त्या दिवसापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

म्हणून माझ्या घरात खंडेनवमीला सुरी, विळी, पाने, सगळं मांडते. पट्टा ठेवत नाही. जावा विचारतात, तो का नाही? मी म्हणते, रबराची पूजा नसते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. इंजिनचं हेड काढून जमिनीवर ठेवलं, हात पुसले आणि म्हणाला, "अम्मा, नसीब देखो, हेड नै फटा. गॅस्केटपे निभ गया." मग पट्ट्याचा तुकडा उचलून उलटा केला. "ये तो कबका मर गया था. इत्ते तडे, किसी ने देखे नै क्या?"

देखे थे, अप्पा. दीड महिन्यापूर्वी मी अंगठ्यानं दाबलं होतं, तडे दिसले होते. दिवाळीपर्यंत खेचंल म्हटलं आणि बॉनेट लावून टाकलं. चारशे ऐंशी रुपयांसाठी. म्हणजे याही वेळी चूक माझीच होती, आणि याही वेळी मार दुसऱ्यानं खाल्ला. फरक एवढाच, की पट्टा माझ्याच हातात होता.

मुलाला मी काल सांगितलं. तो ओसरीवर ताट घेऊन जेवत होता, गाल सुजलेला, एका बाजूनं चावत. "पट्ट्याचे तडे मी बघितले होते रे." त्यानं मान वर केली नाही. "ठावं हाय. मिस्त्री बोलला तडे जुने हायत, अन् बॉनेट तूच बघतीस. माझी चूक असती तर दोन फटक्यांत भागलं नसतं." मग ताट पुढं केलं. "आमटी वाढ." मी वाढली.

त्याला सांगणं सोपं गेलं. अव्वाला सांगायचंय ते चव्वेचाळीस वर्षांचं आहे. ती ऐंशीची झालीय, आता राहिलेत किती दिवस. तसं सांगितलंय मी तिला. पाय चेपताना तीनदा सांगितलंय, सगळं, घागरीसकट. पण तिन्ही वेळा तिच्या डाव्या बाजूला बसून.

पत्र कुठं टाकणार, ट्रंकेतच राहील हे. तरी एक विचारते. त्या दसऱ्यानंतर आठ दिवसांत तुम्ही मला मोटारीपाशी बोलावलंत. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायला शिकवलंत, तुझा कान चांगलाय म्हणालात. पण त्याच्याही आधी, सगळ्यात पहिलं, तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत: तापलेल्या इंजिनात गार पाणी घालायचं नाही. मला सांगितलीत. अव्वाला नाही. त्या सकाळी घागर ओतताना माझा परकर गुडघ्यापर्यंत ओला झाला होता, अप्पा. तुम्ही मारायच्या आधी अव्वानं तो बघितला होता. तुम्हीही बघितला होतात का, एवढंच उलटटपाली कळवा.