जानकीची उजवी बाजू

वेंगुर्ले, ता. २८ जुलै १९५७

चि. सदानंद यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू छपाईच्या खिळ्यांच्या फाउंड्रीत काढलेल्या नव्या टाइपाचा कागद पोचला. मेल्या, ही अक्षरे की चिरे रे? ना जाड-बारीक, ना वळण! पट्टी-कंपास घेऊन कोणी अक्षर काढते? तुझा थोरला भाऊ मात्र भाळला आहे. नारळी पौर्णिमेला आपल्या मचव्यावर याच अक्षरांत नाव घाला म्हणून सत्यवानाने माझे डोके खाल्ले. उभा जन्म होड्यांवर वेलबुट्टीची नावे रंगवली मी. तुझ्या आईचे नाव असे उघडेबोडके लिहूचा, ह्या माका पटूक नाय.

जेवणाची आबाळ करू नकोस. राग आहे, लोभही आहे.

गंगाराम

मुंबई, ता. २ ऑगस्ट १९५७

ती. बाबांच्या चरणी सदानंदाचा शि. सा. न.

हा टाइप मथळ्यांना, औषधांच्या खोक्यांना, सिनेमाच्या जाहिरातींना लागतो. रेघ सगळीकडे सारखी जाड, अक्षराच्या पोटातली पोकळी मोठी, म्हणून शाई फुटली तरी अक्षर बुजत नाही. बाबा, मचव्यावरचे आईचे नाव, तुमची 'जानकी', जवळून देवीसारखी सुंदर, पण धक्क्यावरून मला कधी वाचता आली नाही. वेल दिसते, नाव दिसत नाही. पोर्तुगिजांच्या गोव्याच्या हद्दीवर पहारा कडक आहे, अनोळखी मचव्याजवळ कोणी जात नाही. दादाची काळजी वाटते म्हणून लिहिले.

रागावलात तरी पत्र पाठवा.

सदानंद

वेंगुर्ले, ता. १२ नोव्हेंबर १९५७

रा. सदानंदभावजींस सुगंधावहिनीचा नमस्कार.

वादळ ओसरले, पण मचवा घेऊन गेलेले हे अजून घरी आलेले नाहीत. आगबोटीवरून उतरलेले लोक म्हणाले, निवतीच्या खडकांकडे डोलकाठी मोडलेला मचवा वाहतो आहे, माणसे हात करताहेत. नाव वाचता आले नाही, वेल तेवढी दिसली. झाले! लोक म्हणतात, गोव्याचा चोरटा माल असेल, नसत्या लफड्यात कोण पडतो. गुरुदास लाँचवाल्याच्या मी पाया पडले. तो म्हणतो, आधी नाव कळू दे.

पौर्णिमेला बाबांनी डावीकडे आपली वेल काढली आणि यांच्या हट्टापायी उजवीकडे तुमची अक्षरे. पण बाबांच्या वेली अर्ध्या किनाऱ्यावरच्या मचव्यांवर आहेत. हा आपलाच कशावरून? बाबा गुरुदासाला हाताला धरून त्याच्याच लाँचने निवतीला घेऊन गेलेत. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

सुगंधा

वेंगुर्ले, ता. १५ नोव्हेंबर १९५७

चि. सदानंद यास आशीर्वाद.

सत्यवान घरी आला. हात मोडलाय, पण जीव आहे. माणसेही सगळी सुखरूप. रवळनाथाने राखले रे!

निवतीच्या डोंगरावरून मचवा दिसत होता. मी डोळे ताणताणून पाहिले. वेल माझीच, पण मचवा कुणाचा ते मलाच ओळखता येईना. गुरुदास परत फिरायला लागला. एवढ्यात वारा फिरला, मचवा वळला आणि उजवी बाजू आमच्याकडे आली. जा, न, की. तीन चिरे रचल्यासारखे! मी चष्म्यावाचून वाचले आणि हंबरडाच फोडला. गुरुदासाने खाली धावत जाऊन लाँच सोडली.

आता ओढून आणलेल्या मचव्याची डावी बाजू खरवडायला घेतली आहे. सत्यवान म्हणतो, बाबा, वेल राहू द्या. मी ऐकत नाही. तुझ्या 'न'ची गाठ मला अजूनही आवडलेली नाही, पण तुझ्या आईचे नाव दोन्ही अंगांनी दिसायला हवे.

राग संपला. लोभ आहेच.

गंगाराम