कडुलिंबावरची वेल

मुखेड, ११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहीत आहे. मनिषाच्या मातीला तू आलीस तेव्हा बोलणं झालं नाही. ती रोज काय घेते, असं नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मी गुळवेलीचा काढा सांगितला. त्यांनी तू दिलेल्या वेलीचा तुकडा तपासायला पाठवला. ती गुळवेल नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल आहे, खोडावर गाठी जास्त. तिने लिव्हर बिघडू शकतं. खरी गुळवेलसुद्धा महिनोन्‌महिने कुणाला न विचारता घेऊ नये, असं डॉक्टर म्हणाले.

आपल्यात वेल कडुलिंबावरची आहे ना, एवढंच विचारतात. मीही तेवढंच विचारलं होतं.

तुझ्याकडून आणखी कोण नेतं? त्यांना थांबव.

स्वयंपाक मीच करतो. लेक सृष्टी नावं ठेवत जेवते.

तुझा,
शिवलिंग

किल्लारी, १५ ऑगस्ट

चि. शिवलिंगास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि वेल मुळापासून काढली. चार घरं न्यायची. तिघांनी फेकून दिली. शेजारचे माणिकप्पा ऐकत नाहीत. म्हणाले, "शिवम्मा, तुमच्या भावजयीचं आयुष्यच तेवढं होतं. माझी शुगर उतरली, ते बघा." मी तोडलेली वेल उचलून त्यांनी आपल्या झाडावर चढवली. हल्ली त्यांना जेवण जात नाही. मनिषाचंही आधी असंच होतं ना?

तीन वर्षं मीच दिली, आता मीच नको म्हणते, म्हणून हसतात. तू येऊन सांग.

तू मला दोष दिला नाहीस. दिला असतास तर बरं झालं असतं.

भाताला पाणी बेतानं घाल.

तुझी अक्का

मुखेड, २० ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

माणिकप्पांना फोन केला. समोर येऊन सांग, म्हणाले. हे पत्र आजच्या एसटीने पाठवतो, उद्याच्या एसटीने मी येतो. त्यांना लातूरला तपासायला नेऊ.

तुला दोष कसा देऊ? जूनमध्ये मळमळ सुरू झाली तेव्हा मनिषाने काढा सोडला होता. अक्काची वेल आहे, काही होत नाही, असं मीच म्हणालो. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी तिने पेला रिकामा करेपर्यंत मी समोर उभा राहायचो.

माणिकप्पांना हेच सांगणार आहे. सृष्टीला अजून माहीत नाही. तिलाही सोबत आणतो. दोनदा सांगणं मला जमणार नाही.

यानंतरही माया राहू दे.

शिवलिंग