रोशनचा पत्ता

११ जून २०२४

चुलीपर्यंत बूट घालून आला. सकाळीच सारवलं होतं, त्यावर टाचा उमटवल्या, खाटेवर बसला आणि वरून मलाच म्हणतो, "अम्मा, चाय पिलाओ, आपका पोता विदेश जा रहा है." गोंदियाचा एजंट, कैलाश नाव. नातू विदेशात जाऊन राहिला तर जाऊ दे, माझी जमीन कायले खराब करतो? चहा दिला. साखर टाकली नाही. मुकाट प्यायला.

रोशन आयटीआय करून सौंदडला गेट-खिडक्या जोडत बसतो. मस्कतच्या कंपनीनं नागपूरला पोरं बोलावली, लोखंड जोडून दाखवा म्हटलं. आमचा पास झाला. आता कंपनी कामाचा व्हिसा देईल, दोन वर्षांचा. पण त्याआधी पासपोर्ट पाहिजे, तोही ऑगस्ट संपायच्या आत. नाहीतर रोशनची जागा दुसऱ्याला.

एजंट जाईपर्यंत दसरू बकऱ्या घेऊन जंगलाकडेच होता. पोराची गोष्ट चालली आहे आणि बाप झाडाखाली. परका माणूस दिसला की माझ्या लेकाचं असंच.

१९ जून

रोशन नागपूरला जाऊन पासपोर्टचं सगळं देऊन आला. फोटोत चोरासारखा दिसतो. तसं सांगितलं तर म्हणाला, "आजी, तिथं सगळेच तसे दिसतेत."

२ जुलै

धानाचे पऱ्हे हिरवे झाले. पासपोर्टचं काही नाही.

९ जुलै

मोटरसायकलवर एक पोलीस आला. कोवळाच होता, मिशी नुकती फुटलेली. घरी मी एकटी, भाजी निवडत होते.

"रोशन दसरू सलामे इथंच राहतो ना?"

नाही म्हटलं.

"मग कुठं राहतो?"

कोण जाणे. कधीचाच गेला.

"येतो का अधूनमधून?"

येत नाही. मान वर केली नाही मी. त्यानं काहीतरी लिहून घेतलं, समोर जागेश्वरच्या, मग पलीकडं शामकलाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि गेला. पाणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

संध्याकाळी दसरूला सांगितलं. "बरं केलं माय," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून दिवसभरात इतकं निघालं तरी पुष्कळ.

२४ जुलै

धानाचा रोवणा चालू आहे. कमर धरली. त्यात हे.

रोशन बांधीतून तसाच चिखलाच्या पायांनी घरी आला. मोबाईलवर त्याला कळलं. पासपोर्ट अडला. पोलिसानं लिहिलं, दिलेल्या पत्त्यावर हा माणूस राहत नाही.

"आजी, पोलीस आला होता?"

आला होता.

"तू काय सांगितलं त्याले?"

पोलिसाला जे सांगतात ते.

"अवो, तो पासपोर्टच्या चौकशीले आला होता! मले काऊन नाइ सांगितलं?"

मग तसं बोलायचं होतं त्यानं. आल्या आल्या पोराचं नाव घेतो. मी काय समजायचं?

पोट्ट्यानं हातातली पऱ्ह्याची पेंडी भिंतीवर आपटली. जेवला नाही. मीही ये म्हटलं नाही.

त्याला काय माहीत. तो जन्मायच्या आधी आमच्या या वस्तीवर, टोल्यावर, दोन तऱ्हेचे लोक यायचे. दिवसा खाकी, रात्री जंगलातले बंदूकवाले. दोघंही जवान पोरांची नावं घेऊन विचारायचे. आम्हा बायकांचं दोघांनाही एकच उत्तर — इथं राहत नाही. सासूनं मला शिकवलं तसं मी सुनेला, फुलवंताला, शिकवणार होते, पण त्याआधीच ती दारात एकटी सापडली. नवी नवरी. नवरा कुठं आहे विचारलं, तर खरं सांगून बसली. खाकीवाल्यांनी झोपलेल्या दसरूला उठवून नेलं. कशासाठी ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. परत आला तेव्हा उजवा पाय ओढत आला आणि बोलणं तिकडेच ठेवून आला.

तेव्हापासून या घरात दारावरचं उत्तर मी देते. यात माझं काय चुकलं ते रोशननं दाखवावं.

२ ऑगस्ट

पुन्हा चौकशी मागता येते म्हणे. एजंटनं अर्ज करवून घेतला. या खेपेला शेजारचे दोघंही पाहिजेत, रोशन इथंच राहतो म्हणून सांगायला. त्यात काय, म्हणून जागेश्वरकडे गेले.

तो विडी विझवत म्हणाला, "काकी, मागच्या खेपेले माझ्याकडंबी आला होता तो."

मग?

"मी म्हटलं, या नावाचं कोनी ओळखत नाइ."

रोज तुझ्या ओट्यावर बसते तो.

"बसते ना. म्हनूनच तं म्हटलं."

पलीकडं शामकला. तिनं तर कडीच केली. त्या घरात पोरगं जन्मलंच नाही, असं सांगून मोकळी. आणि याच बाईनं रोशनची नाळ कापली होती.

टोलाभर हुशार माणसं. सगळ्यांनी मिळून पोट्ट्याला पुसून टाकलं.

१३ ऑगस्ट

रोज कोणाच्या तरी दारात जाते. पोलीस आला तर हो म्हणा, रोशनच्या कामाचं आहे. मान हलवतात. पण ती मान कशी हलते ते मला कळते. इतकी वर्षं मीच तशी हलवली.

शामकला म्हणाली, "आज पासपोर्टचा म्हनते. उद्या दुसऱ्याच कामाचा निघला तं? तुह्या पोराले नेलं तवा काय सांगून नेलं होतं?"

उठून आले.

रोशन माझ्याशी बोलत नाही. पाणी पाहिजे असलं तरी बहिणीला, दिव्याला सांगतो. एजंटचा फोन आला, "अम्मा, महीने के आखिर तक ही. फिर मेरे हाथ में नहीं है."

२० ऑगस्ट

आला. तोच पोलीस.

मोटरसायकलचा आवाज झाला तशी जागेश्वरनं कडी लावली. शामकला बोअरिंगवर पाणी भरत होती, घागर तिथंच सोडून घरात. रोशन आणि मी दोघंच दारात उभे.

मी म्हटलं, हा रोशन. इथंच राहतो.

"आजी, मागं तुम्हीच म्हणालात राहत नाही. आता यातलं खरं कोणतं धरू?"

हे.

"आणखी कोण सांगेल?"

मी जागेश्वरला हाक मारली. शामकलाला मारली. कोणी नाही. पोलीस काही वाईट बोलला नाही, आपली पिशवी बंद करायला लागला. रोशन माझ्याकडे पाहत होता. असं कोणी माझ्याकडे पाहू नये.

तेवढ्यात दसरू आला. मला वाटलं होतं, आवाज ऐकून पळाला असेल. कुडाला धरत धरत मागून आला. पोलिसाच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याच्या बुटांकडे पाहून बोलला, "साहेब, हा माझा पोरगा होय. इथंच जन्मला. इथंच राहते. मी याचा बाप, दसरू सलामे. माझं नाव लिवा."

पोलिसानं लिहिलं. "बसा ना काका," म्हणाला. दसरू बसला नाही.

मग जागेश्वरची कडी वाजली. बाहेर येऊन म्हणतो, मागच्या वेळेस मला नीट ऐकू आलं नाही. शामकला आली ती नाळ कापल्यापासून सांगत सुटली. तिला आवरता आवरता पोलिसाला घाम फुटला.

तो गेल्यावर दसरू परसात जाऊन ओकला. मी पाणी नेऊन दिलं. रोशन कुडामागं उभा होता.

२९ ऑगस्ट

पोस्टमन पासपोर्ट देऊन गेला. रोशननं आधी बापाच्या हातात दिला. दसरूनं उलटा धरून पाहिला आणि परत केला.

२३ सप्टेंबर

व्हिसा आला. मोबाईलवरच. एवढ्याशा चित्रासाठी एवढं.

एजंटनं वाचून दाखवलं. आज त्यानं बूट बाहेर काढले. दोन वर्षं काम. पहिल्या वर्षी घरी यायला सुट्टी नाही. मधेच सोडून आला तर व्हिसा रद्द, कंपनी पुन्हा दारात उभं करणार नाही. "कुछ भी हो जाए, भाई, पहला साल निकालना," असं रोशनला दोनदा म्हणाला. चहात साखर टाकली.

५ ऑक्टोबर

गेला. सौंदडच्या स्टेशनवर आम्ही सगळे. दिव्या रडली, फुलवंता रडली. मी म्हटलं, गाडीत खिडकीबाहेर हात काढू नको. दसरू गाडीसोबत पाय ओढत चालला, फलाट संपेपर्यंत.

१८ ऑक्टोबर

तिकडं शुक्रवारी सुट्टी असते. शुक्रवारी फोन करतो. माझ्याशी चार शब्द, आईशी चार, मग "बाबाले दे." दसरू नुसता हो, हो करतो. तरी पोट्टा फोन ठेवत नाही. काय ऐकतो कोण जाणे.

९ नोव्हेंबर

धान कापून खळ्यावर आणला. खळ्यावर राखणीला दरवर्षी रोशन झोपायचा. यंदा दसरू जाते.

२१ नोव्हेंबर

दसरू गेला. खळ्यावर मण्यार चावला. काल माती दिली.

उद्या शुक्रवार. "बाबाले दे" म्हणेल. कळलं तर सगळं सोडून पहिल्या विमानानं निघेल, मला माहीत आहे.

फुलवंताला सांगितलं, दिव्याला सांगितलं, जागेश्वरला, शामकलाला, सगळ्या टोल्याला सांगून आले. फोन वाजला की कोणी हात लावायचा नाही. मी उचलीन.