माझ्या पँटची मागची शिवण

सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी एकावर सध्या बसताही येत नाही, तेव्हा सातच मोजून घे). भावोजींचा खोकला थांबला का? आईने माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीबद्दल हो की नाही ते कळव, असं तू दटावून लिहिलंस. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण डोंगर.

इथे या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात माझ्या दुकानासमोरच्या वाचनालयातले पाच जण डोंगर चढायला निघाले. पाचांच्याही जाड पँटी मीच शिवलेल्या, तेव्हा मास्तर, तुम्हीही चला, म्हणून गळ घातली. (घातली ती ग्रंथपालबाईंनी, पण ते महत्त्वाचं नाही.) उन्हाळा तोंडावर आलाय, बर्फ केव्हाच वितळला असणार, असं मीच छातीठोकपणे सांगितलं. वर पोचतो तर सावलीतल्या उतारावर तो ठाण मांडून बसलेला! खोली मोजायला म्हणून मी गळ्यातली टेप काढली, एक पाऊल पुढे टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेलो. माप मिळालं, एकतीस इंच, पण मला उपसायला चौघे लागले.

उतरताना पायवाट बर्फाखाली गडप. वाटाड्या म्हणाला, बसा आणि घसरा. सगळे घसरले. गिऱ्हाइकांच्या पाचही पँटी शाबूत, माझी मात्र टर्रकन फाटली. तुला माहीतच आहे, गिऱ्हाइकाला दुहेरी टीप आणि स्वतःला कच्चा टाका. नंतर पक्कं करू म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. बर्फ कुठे कुठे शिरला ते थोरल्या बहिणीला लिहिण्याजोगं नाही. आणि सुई-दोरा? शिंप्याजवळ नाही! निघाला तो ग्रंथपालबाईंच्या पिशवीत, फाटकी पुस्तकं शिवायचा दाभण आणि मेण लावलेला दोरा. मी खडकाकडे तोंड करून उभा आणि बाई मागून माझं बाइंडिंग करताहेत. हसता हसता त्यांनी दोनदा मलाही टोचलं. पण खरं सांगू ताई, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

असो. आता डोंगराचं नाव काढणार नाही, कानाला खडा.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींचे लोकरी मोजे लगेच पाठव. रविवारी पुन्हा वर जातोय.

आणखी ता. क. त्या मुलीला नाही म्हणायचंय. आईला तूच सांग, माझी छाती नाही. काल वाचनालयात जाऊन बाईंना विचारलं. त्यांनी पुस्तकावर शिक्का मारता मारता एवढंच विचारलं, "माझी शिवण उसवून नीट केलीत का?" मी म्हटलं, नाही, तशीच ठेवलीय.

"मग हो," म्हणाल्या.