धूर आधी दिसतो

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून पिस्तूल आलं! खेळाच्या नव्या बाई स्वतः घेऊन आल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून, भाजीच्या पिशवीतून. ह्यांच्याच हाताखाली पळायला शिकलेली मुलगी, आता ह्यांच्याच जागेवर. दारातूनच म्हणाली, "सर, घाबरू नका, तुम्हाला उडवायला नाही आले."

हे हसले. हल्ली हसायलाही वेळ लागतो. आधी डोळे हसतात, मग मागून तोंड.

तिचं म्हणणं असं — यंदापासून शर्यतींना यंत्र. बटण दाबलं की भोंगा वाजतो आणि घड्याळ आपोआप सुरू. पिस्तूल कपाटात जाणार. त्याआधी शेवटची एक शर्यत, सगळ्यात लहान मुलींची, सरांच्या हातून सुटावी. बावीस तारखेला, शनिवारी. "पोरींना अजून ठो-सर माहीत आहेत," म्हणाली. "त्यांच्या आयांनी सांगितलंय."

"सुटेल," हे म्हणाले.

हाताने चमचा धरवत नाही, आणि म्हणे सुटेल! मी चहाला आत गेले. दूध उतू गेलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं, "मैदानावर नेऊ का?" त्यांनी गळ्यातली नळी काढली, घडी केली, परत गळ्यात घातली. नसांचं दुखणं. हात झाले, पाय झाले, आता छातीची पाळी. "बावीस तारीख जरा लांब आहे," एवढंच म्हणाले.

वर आले तर हे विचारतात, "काय म्हणाले?"

"न्या म्हणाले."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी सरावाला कपड्यांचा चिमटा मागून घेतलाय. उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून दाबायचा. दिवसभर तेच. दहा वेळा निसटतो, मी दहा वेळा उचलते. "चाप ओढायचा नसतो, बाई," मला शिकवतात, "दाबायचा असतो."

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी बाईच. शाळेत पडलेली सवय. आधी चारचौघांत लाज वाटायची. आता वाटतं, ही हाक मारणारं दुसरं कोण आहे मला?

संध्याकाळी वन्सं आल्या, महिनाभर राहायलाच. भावाच्या हातात चिमटा पाहून म्हणाल्या, "आता ह्याच्याकडून कपडेही वाळत घालून घेतेस का?" मग शर्यतीचं कळलं आणि भडकल्या. मला स्वयंपाकघरात ओढून — "अगं, माणसाला धड बसवत नाही, त्याची मैदानावर वरात काढणार तू? चार लोक बघतील, च्‌ च्‌ करतील. त्याचा हात थरथरताना बघायचाय का तुला सगळ्यांसमोर?"

भीती मलाही तीच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपार. हे झोपलेत. टेबलावर पिस्तूल. मघाशी हळूच उचललं. तेच वजन, तोच गारवा, आणि लगेच ते मैदान!

मी शाळेत नवी होते. व्याकरण शिकवायचे. स्पर्धा आल्या की सगळ्या शिक्षकांना कामं. माझ्या गळ्यात घड्याळ पडलं. शंभर मीटरच्या शेवटाला उभं राहायचं आणि पहिल्या येणारीची वेळ घ्यायची. मला काय कळणार पळण्यातलं! आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी कधी पळू दिलं असेल तर शपथ. दार लावताना कडी वाजता कामा नये. शिंक आली तर रुमालात जिरवायची. हसायचं ओठ मिटून, रडायचं उशीत. "सभ्य मुलगी खोलीत आली हे कोणाला कळू नये," थोरल्या सिस्टर म्हणायच्या. आम्ही इतक्या सभ्य झालो की खोलीतून गेलो तरी कोणाला कळत नसे.

तर दुपारभर मी वेळा घेतल्या. 'ठो' ऐकलं की बटण दाबायचं. संध्याकाळी खेळाचे सर (म्हणजे हेच, तेव्हा नुसते सर) कागद हलवत आले. "बाई, आज पहिल्या आलेल्या झाडून सगळ्या मुलींनी शाळेचा विक्रम मोडलाय. बुटाची नाडी सुटली होती तिनेसुद्धा! पाण्यात काही घातलं होतंत का?"

माझे कान तापले.

"तुम्ही आवाजावर घड्याळ लावलंत. आवाज पोचेपर्यंत पोरी पाऊलभर पुढे. धूर बघायचा असतो."

मला पटेना. धूर काय, आवाज काय, एकदमच तर होतं सगळं! "चला, दाखवतो," म्हणाले.

मैदान रिकामं झालं होतं. ते पार दुसऱ्या टोकाला गेले. उजव्या हाताला लाल बाही. लांबून दिसावा म्हणून चढवतात. तो हात वर गेला. हाताच्या टोकावर कापसाच्या बोळ्याएवढा पांढरा धूर, अगदी गप्प. आणि मग, मागाहून, 'ठो'!

मध्ये एक रिकामी जागा होती. एवढीशीच. गोष्ट घडून गेलेली, आणि माझ्यापर्यंत यायची राहिलेली.

मी त्यांच्याकडे धावत गेले — हो, धावत! — आणि तोंडातून निघूनच गेलं, "मी उडवू?"

हसले नाहीत. नवा बार भरला, पिस्तूल माझ्या हातात दिलं. हात खालीच गेला माझा, इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. "दंड कानाला टेकवा, तेवढाच एक कान वाचेल. डोळे मिटायचे नाहीत. चाप हळू दाबायचा, कोणाला गुपित सांगितल्यासारखा. आणि आधी ओरडायचं." माझं घड्याळ घेऊन ते शेवटाला जाऊन उभे राहिले.

"आपापल्या जागी," मी म्हणाले.

तिकडून आवाज — "बाई, मुंग्यांची शर्यत आहे का?"

पुन्हा ओरडले. घसा घासला, पण निघाला आवाज. "तयार!" आणि दाबला चाप.

अख्खं अंग हललं! हाताला झिणझिण्या, कानात शिट्टी, जळक्या काड्यांचा वास, आणि कुंपणाच्या भिंतीवरची सगळी कबुतरं आभाळात. माझ्या हातून एवढा मोठा आवाज! जन्मातला पहिला. मी हसायला लागले. तोंड उघडून, दात दाखवून, मैदानाच्या एका टोकाला एकटीच उभी राहून.

दुसऱ्या टोकाला त्यांचा हात वर. धूर दिसला, घड्याळ लावलं, अशी ती खूण. तो हात खाली येईचना. मी चालत तिथवर पोचले तरी वरच. घड्याळ टिकटिकतंय.

"अहो सर, बंद करा की!"

"विसरलोच," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "राहू दे चालू."

त्याच वर्षी लग्न झालं. पुढे भांडणं झाली की विचारायचे, "बंद करू का घड्याळ?" आणि मी म्हणायची, "हात तर लावून बघा!"

पिस्तूल मात्र आजपर्यंत मी परत कधी हातात घेतलं नव्हतं. गरजच पडली नाही. घरात आवाज करायला हे होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज चिमटा उघडलाच नाही. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनीही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अंग पुसत होते. हे म्हणाले — एकेक शब्द, मध्ये श्वास — "बाई. तुम्ही उडवा."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाठ पुसत राहिले.

"मी शेवटाला बसतो. घड्याळ घेऊन."

डाव्या अंगठ्यात अजून थोडा जीव आहे. त्याच्या भरवशावर हा बेत! मी म्हटलं, "अहो, मला नाही जमणार. इतक्या लोकांसमोर ओरडायचं, ह्या वयात!"

"मुंग्यांची शर्यत," म्हणाले आणि डोळ्यांनी हसले. तोंडाचं हसू आज आलंच नाही.

मग मी हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कोणाला?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या खोलीचं दार लावून सराव केला. "आपापल्या जागी!"

स्वयंपाकघरातून वन्सं — "मी आहे माझ्या जागेवर! तूच हिंडतेस घरभर."

ह्यांच्या खोलीतून खुसखुस आली. हसणं होतं की धाप, कळायला मी दारात जाऊन उभी राहिले. हसणं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फार वाईट दिवस. प्राणवायूची टाकी आली घरात. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, हलवू नका. ह्यांनी मान हलवली. डॉक्टरांना वाटलं, हो म्हणताहेत. मला माहीत आहे ती कोणती मान.

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "त्याला गार लागेल मैदानावर. जाड पांघरूण काढून ठेव."

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं!

खेळाच्या बाईंनी गाडी पाठवली होती. चाकांची खुर्ची, टाकी, पांघरूण, वर छत्री धरून वन्सं. "राजाची स्वारी," म्हणाल्या. ह्यांना शर्यतीच्या शेवटाला बसवलं. डाव्या मुठीत तेच जुनं घड्याळ दिलं, अंगठा बटणावर टेकवून. मग मी लाल बाही चढवली. सैल होते मला, खांद्याला टाचणी लावावी लागली. आणि निघाले दुसऱ्या टोकाला. मैदान तेवढंच आहे. मला वाढल्यासारखं वाटलं.

रांगेत एवढ्याएवढ्याशा पोरी. एकीने विचारलं, "तुम्ही ठो-सरांच्या आई?" मी म्हटलं, "हो, कधीकधी."

"आपापल्या जागी!" कुठून आला तो आवाज, देव जाणे. भिंतीवर आपटून परत आला. "तयार!" दाबला, आणि नुसतं 'टिच्'. बार सादळलेला! तरी एक पोर सुटलीच. कोणी थांबवलं तरी थांबेना. एकटीच शेवटापर्यंत पळाली आणि ह्यांच्या खुर्चीला हात लावून परत आली. सगळं मैदान हसलं. माझी भीती तिथेच गेली.

नवा बार. पुन्हा ओरडले. डोळे उघडे ठेवले. दाबला.

तोच वास. तीच शिट्टी कानात. पोरी पळाल्या, पण मी पोरींकडे पाहिलंच नाही. पार टोकाला बघत होते, छत्रीखाली. हात काही वर जाईना. कसा जाईल! उचलायचा कुठून?

आणि छत्री पडली. वन्संनी ह्यांचं मनगट धरलं आणि हात वर केला. आपल्या दोन्ही हातांनी, पूर्ण वर. त्यात घड्याळ चमकलं.

मी पोचले तेव्हाही वन्सं तो हात तसाच धरून होत्या. रडत होत्या मोठमोठ्याने. "हलला गं अंगठा त्याचा," म्हणाल्या. "मी नाही दाबलं, त्यानेच दाबलं!"

काटा फिरत होता. पोरी कधीच पोचल्या होत्या. मी वाकून विचारलं, "अहो, बंद करू?"

ओठ हलले. आवाज नव्हताच. पण मला कळलं. राहू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

घड्याळ उशाशी आहे, चालू. सकाळ-संध्याकाळ चावी देते. ती दाबायची नाही, नुसती फिरवायची. वन्संना वाटतं मला वेड लागलंय. पण आज संध्याकाळी मला विसर पडला, तर त्यांनीच आठवण केली, "अगं, त्याच्या घड्याळाचं बघितलंस का?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे बोलत नाहीत आता. टिकटिक ऐकत पडून असतात. मी त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "आपापल्या जागी." डोळे हसले. मागून काही आलं नाही. चालेल.

१ मार्च, शनिवार

सकाळी हे गेले. वन्संचा आक्रोश खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातोय. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत.

घड्याळाचं बटण मीच दाबलं. काटा कुठे थांबला ते पाहिलं नाही.

धूर दिसलाय मला. आवाज अजून यायचाय.