दोन चाळीसची नोंद

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. मी रागात बोलायला लागले की मला रडू येतं, मग तू मला समजावतोस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय. कागदावर मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

आधी घरचं. यांचे गुडघे पुन्हा धरलेत, बागेतला फेरा बंद झालाय, त्यामुळे दिवसभर माझ्यामागे भुणभुण. शेजारीण आता बोलायला लागलीय. बसस्थानकात स्फोट झाल्यापासून ती जिन्यात दिसली की नजर चुकवायची. तिची सून त्यात गेली, आणि बॉम्बचं ते खोकं आपल्या पोराने गाडीतून आणलं होतं. चार महिन्यांपूर्वी तुमच्या पोलीस पथकाने स्फोटामागच्या त्या म्होरक्याला मारलं, त्या संध्याकाळी ती आपणहून दारात आली. माझा हात धरून म्हणाली, तुमच्या भावाने न्याय केला. मी मान हलवली. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. तो मेला म्हणून माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. एकवीस माणसं मारली त्याने, आपल्या पोरासकट.

पार्सलच्या गाडीवर पोराला तूच चिकटवलंस. पहिल्याच दिवशी दम भरलास, गिऱ्हाइकाचं खोकं उघडायचं नाही, आत काय ते विचारायचं नाही, सही घ्यायची आणि सुटायचं. मामाचा शब्द म्हणजे झालंच. माझ्या वाढदिवसाला मावशीने पाठवलेलं खोकंसुद्धा त्याने माझी सही घेऊनच दिलं आणि मी ते उघडेपर्यंत पाठ करून उभा राहिला, वेडा. त्या दिवशीही तो असाच खोकं घेऊन सही करणारा माणूस शोधत असणार. हे मी म्हणते. आरोपपत्र म्हणतं की तो त्यांच्यातलाच होता. आरोपी क्रमांक चार, मयत. क्रमांक दोन आणि तीन, मधले दोघे, आधीच मेले होते. म्हणजे खरं काय ते सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्होरक्या.

गेल्या आठवड्यात त्याची फाइल माझ्या टेबलावर आली. कोर्टाच्या अभिलेख कक्षात तीस वर्षं काढलीत मी. साध्या सायकलचोराची फाइलही वीतभर जाड असते, साक्षी, उलटतपासण्या, निकाल. ह्याची अकरा पानं. अटक करायला गेलेल्या पथकावर गोळीबार केला, दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी प्रत्युत्तरात ठार, प्रकरण बंद. त्याला फाशी झाली असती तर मी फाइल निमूटपणे बांधून फळीवर ठेवली असती. पण त्याआधी भर कोर्टात कुणीतरी विचारलं असतं ना त्याला, की तो गाडीवाला तुमचा होता का? शेजारणीला न्याय मिळाला, तुला बढती मिळाली, आणि माझा पोरगा आरोपी क्रमांक चार तो चारच राहिला. तेव्हापासून ती फाइल माझ्याच्याने बांधवत नाही.

तू माझ्या सवयीची कायम टर उडवलीस. आलेल्या कागदावर वेळ टाकण्याचं इतकं अंगात मुरलंय की सिलिंडर आला, नळवाला आला, तरी मी कॅलेंडरवर वेळ लिहिते. तो मेला त्या दुपारी तुझा फोन आला. जिवंत सापडलाय ताई, माझ्यासमोर बसलाय, हातात बेड्या आहेत, पोराचं आत्ता विचारतो त्याला. फोन ठेवला आणि हाताने आपोआप लिहिलं. तो महिना मी फाडून ठेवलाय. २.४०, धाकट्याचा फोन, जिवंत सापडला. म्हणजे कागदोपत्री मेल्यावर पन्नास मिनिटांनी तो तुझ्यासमोर बसला होता. बाकी सगळं तुम्ही नीट जुळवलंत, ताईचं कॅलेंडर तेवढं विसरलास.

तू त्याला विचारलंस, मला माहीत आहे. संध्याकाळी घरी आलास, माझ्याकडे न बघता दोन पेले पाणी प्यायलास आणि म्हणालास, वेळच मिळाला नाही. लहानपणी कुणाची काच फोडून आलास की असंच पाणी प्यायचास. गोळी एकवीस माणसांसाठी घातलीस, की पोराबद्दल तो जे बोलला ते कोर्टात बोलू नये म्हणून? माझ्यावरच्या मायेने घातली असशील तर ती माया मला नको. पोरगा त्यांच्यातला असेल तर तसं सांग, मी स्वतः शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहीन. नसेल आणि तू गप्प बसला असशील, तर तुला कधी माफ करता येईल की नाही, मला माहीत नाही. म्होरक्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी मला सोमवारी अकराला बोलावलंय. अर्ज मीच केला होता. कॅलेंडरचं पान घेऊन जाणार आहे. तुझी नोकरी जाईल, कदाचित तू तुरुंगात जाशील, हे सगळं कळत असूनही मी जाणार आहे. म्हणून रविवारी ये. समोर बस आणि सांग. तुझं ऐकून न घेता मी तुला दोषी धरणार नाही. तेवढं तरी तुझ्या वाट्याला येऊ दे.

दार उघडं ठेवून बसलेली, तुझीच
ताई