पोटुशीला चांगलं पाणी

१२ जानेवारी
टाकी आणली! दोन फुटी. जेवणाच्या टेबलाला लागूनच ठेवली. नवऱ्याने, चंदनने, येऊन पाहिलं आणि विचारलं, "मासे कुठायत?" मासे नाहीतच. कोळंब्या पाळायच्यात — नखाएवढ्या, लालभडक, गोड्या पाण्यातल्या. नुसत्या पाळायच्या नाहीत, पिल्लं व्हायला हवीत. आणि त्याही आत्ता आणायच्या नाहीत. आधी महिनाभर नुसतं पाणी, वाळू, शेवाळ आणि स्पंजाचा फिल्टर. पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं.

सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "पाणीच बघायचं तर आमची हीर काय वाईट होती?"

१९ जानेवारी
आईंनी पुन्हा तोच विषय काढला. पाडवा झाला की निपाणीकडे, गावी. तिकीटही काढून घेतलं चंदनकडून. "हितं माझ्या हाताला काम न्हाई, नयना. बसून खाऊन माणूस गंजतंय."

बाबा गेल्यावर तिथे एकट्याच होत्या. अंगणात पडल्या, तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. म्हणून इथे आणलं. आता परत तिथेच जायचं म्हणतात! पण भागुबाई नावाच्या माझ्या सासूबाईंना अडवणारं अजून जन्मायचंय.

१६ फेब्रुवारी
पंधरा कोळंब्या आल्या!! दोन गल्ल्या सोडून देवाप्पाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. आई भाजीची पिशवी घेऊन बरोबर. मी त्याच्याशी माझ्या हिंदीत झटापट करत होते, तेवढ्यात आईंनी कन्नड सुरू केलं. अर्धा तास! मला फक्त 'स्वल्प' कळलं. निघताना तो त्यांना अज्जी म्हणायला लागला होता. मी आठ वर्षं कानडी मुलखात, इथे राजाजीनगरात राहून अजून 'मॅडम'च.

घरी आल्यावर एकदम टाकीत सोडायच्या नसतात. बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्यांच्या भांड्यात पाडायचं, दोन तास. नळी आईंनी धरली. "सलाईन लावलीय की गं ह्यास्नी!"

२३ फेब्रुवारी
"नयना, एक मेली!" मेली नव्हती. कात टाकली होती. आई स्वतःवरच हसत सुटल्या. किती महिन्यांनी!

८ मार्च
सकाळी आईंनी गदागदा हलवून उठवलं. "पोटुशी हाय!"
खरंच. पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस, आणि पायांनी त्यांना सारखा वारा घालतेय. महिनाभर तरी घालेल.

१५ मार्च
आईंना आता वेळ नाही. रस्त्यावरच्या बदामाची वाळकी पानं वेचून आणतात, उकळून टाकीत सोडतात, कोळंब्यांना खायला. टीव्हीचा आवाज कमी. चंदनने टेबलावर डबा आपटला तर ओरडल्या, "जरा हळू! बाळंतपण हाय घरात." आठवडाभर गावाचं नाव नाही. मी मुद्दाम काढत नाही.

२१ मार्च
उन्हाने टाकीचं पाणी आटतंय. ऑफिसला निघताना आईंना सांगितलं — कमी झालं की चांगलं पाणी घाला, थेट नळाचं नको. "सरी," म्हणाल्या, म्हणजे कानडीत 'बरं'.

२७ मार्च
चार मेल्या. या वेळी कात नाही.

२९ मार्च
आणखी सात. पोटुशीही. अंडी पोटाखाली तशीच.

मी पाणी तपासलं. दोनदा. अमोनिया नाही, क्लोरीन नाही. फिल्टर उघडून धुतला, वाळू हुंगली, देवाप्पाला फोनवर झापलं. आई टाकीपाशी बसून आहेत. जेवल्या नाहीत.

३० मार्च, पाडवा
कळलं.

गुढीसाठी आईंनी तांब्या घासला, त्याबरोबर पाणी प्यायचा तांब्याचा हंडाही. चिंच लावून लख्ख. गेल्या आठवड्यातही घासला होता म्हणे. गुढी उभारून झाली, तशी त्यांनी हंड्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि — टाकीत. उरलेल्या चार जणींना. माझ्या डोळ्यांसमोर!

"आई, रोज यातलं घालता?"
"मग? पोटुशीला चांगलं पाणी नको व्हय? नळाचं कशाला? रात्रभर तांब्यात ठेवलेलं हाय."

कोळंबीला तांबं म्हणजे विष. पाण्यात नावाला उतरलं तरी. हे मी पहिल्याच दिवशी वाचलंय. धातू तपासायच्या प्रयोगशाळेत पगार घेते मी! काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि 'चांगलं पाणी घाला' असं मीच सांगितलं. आईंच्या घरात यापेक्षा चांगलं पाणी कुठलं असतं?

संध्याकाळी उरलेल्याही गेल्या. आईंनी विचारलं, "कशानं गं?" मी म्हटलं, "उन्हाळा. पाणी तापलं." खरं सांगितलं असतं तर जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतं त्यांनी. वर म्हटलं, "पुन्हा करू. पण मी दिवसभर ऑफिसात, तुम्ही गेलात तर बघणार कोण?"

आई उठल्या. "माझ्या हाताला यश न्हाई, पोरी. जाते मी." बॅग भरली.

३१ मार्च
सकाळी आई भाजीला गेल्या. तासाभराने आल्या, पिशवी रिकामी. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "चंदनला म्हणावं तिकीट रद्द कर. पिल्लं झाली की बघू."

उन्हाळ्याची थाप चालली! मी मोरीत जाऊन रडून घेतलं. मग एक प्लास्टिकची बादली आणली. सांगितलं, देवाप्पा म्हणतो टाकीला यातलंच पाणी घालायचं, त्याची काहीतरी पद्धत असते. वाटलं, उलट विचारतील. नाही विचारलं.

१८ मे
टाकी धुऊन, वाळू बदलून, पाणी मुरवून नव्या पंधरा सोडल्या. सलाईन आईंनीच लावलं.

२९ जून
पोटुशी — दोन! मी हंड्यावर पोलिसासारखी नजर ठेवून आहे. आई तिकडे फिरकतही नाहीत. बादलीवर मात्र ताटली झाकतात, वर वरवंटा.

२७ जुलै
पिल्लं!!! तिळाएवढी, आरपार दिसणारी. शेवाळाला चिकटलेली. आईंनी भिंग लावून एकतीस मोजली, मी सव्वीस. भांडलो. चंदनने पेढे आणले.

रात्री उठून बॅग शोधली. पिल्लं झाली की बघू, म्हणाल्या होत्या. पण बॅग माळ्यावरच आहे.

२ ऑगस्ट
देवाप्पाकडे पेढे द्यायला गेले. फोनवर झापल्याबद्दल माफीही मागितली, तांब्याचं सांगितलं, आणि अज्जींना यातलं काही बोलू नका म्हटलं. तो हसायलाच लागला. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, अज्जी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच आली होती. मेलेली कोळंबी डबीत घालून, भाजीच्या पिशवीतून. कशातलं पाणी घालता विचारलं, आणि तांब्याचं सगळं सांगितलं तिला. इथे स्टुलावर बसून रडली. मग म्हणाली, सुनेला बोलू नको — मला लागू नये म्हणून खोटं बोललीय पोरगी. सख्खी आईसुद्धा माझ्यासाठी असं खोटं बोलली नसती. हिला सोडून आता कुठं जाऊ?"

घरी आले. आई बादलीवरची ताटली काढत होत्या. मी म्हटलं, "उन्हाळा संपला नाही का, आई?"
"होय की," म्हणाल्या.